विहिरीपासून सतरा फूट

गढीच्या गेटातून आत जायला केरबा ओव्हाळला चार वर्षं लागली, आणि शेवटी जाता आलं ते पाहुणा म्हणून.

आधी दोनदा तो आणि त्याची बायको हिरा गेटावरून परतले होते. पहिल्यांदा गेले तेव्हा काम चालू होतं. ठेकेदाराच्या माणसाने साइट बंद आहे म्हणून सांगितलं. दुसऱ्यांदा गेले तेव्हा हॉटेल सुरू झालं होतं. गेटवरच्या माणसाने बुकिंग विचारलं. नाही म्हटल्यावर, "फक्त गेस्टना सोडतो, बाबा," असं म्हणून त्याने दोघांना पाणी पाजलं. पाणी पिऊन दोघं बेडशाच्या फाट्यापर्यंत चालत गेली.

हॉटेलचं त्यांना काही पडलं नव्हतं. त्या जुन्या गढीचं हॉटेल करायचं काम चालू असताना त्यांचा मुलगा आकाश परांचीवरून पडून गेला, ती जागा त्यांना बघायची होती. चोवीस वर्षांचा होता. दगडांच्या दरजांत चुना भरत होता आणि परांचीचा दोर सुटला. तिथून त्याला गाडीत घालून थेट दवाखान्यात नेलं, दवाखान्यातून घोरावाडीला घरी आणलं, घरून स्मशानात. तो पडला तिथे आईबापाला कुणी नेलं नाही, आणि त्या धांदलीत त्यांनाही सुचलं नाही.

पुढे हिराच्या मनाने तेच धरलं. त्या जागेवर एक मेणबत्ती लावायची, त्रिसरण-पंचशील म्हणायचं, एवढंच तिला करायचं होतं. तेवढं होत नाही तोवर पोरगं तिथेच उन्हात पडून आहे असं तिला वाटे. जेवायला बसली की अर्ध्या भाकरीवर उठायची. "त्यो तितं हाय आन् मी हितं गिळतीय," म्हणायची. विहारात भन्तेजी आले होते, त्यांनी दोनदा समजावलं. ती मान डोलवायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा अर्धी भाकरी ताटात राहायची. चार वर्षांत तिचा दंड केरबाच्या मनगटाएवढा झाला.

शेवटी थोरल्या लेकीने, यशोधराने, मार्ग काढला. ती चिंचवडला बँकेत होती. एका रविवारी आली आणि मोबाइल पुढे करून म्हणाली, "एक रात्र, दोन माणसं. झालं बुकिंग. खर्चाचं विचारायचं नाही."

केरबाने चष्मा लावून वाचलं. "आनिवर्सरी? कुणाची?"

"तुमची. कशासाठी येताय ते फॉर्ममध्ये विचारलं होतं."

"आगं, पण आमच्या लग्नाची तारीख तुझ्या आज्यालाबी म्हाईत नव्हती."

"बाबा, भाऊ गेला ती जागा बघायला येतोय, असा पर्याय नव्हता त्यात."

मोबाइल पर्समध्ये टाकत ती म्हणाली, "आणि पायी जाऊ नका. मी गाडी सांगते. गाडीतून गेलं की गेटवर थांबवत नाहीत."

तसंच झालं. डिसेंबरचा पहिला आठवडा होता. भात झोडून झालेलं, खाचरांत नुसती धसकटं उरलेली. गाडी पवनानगरच्या रस्त्याने आली, चढ चढली आणि गेटवरच्या माणसाने चक्क सलाम ठोकला. माणूस तोच होता. त्याने ओळखलं नाही.

आत तुतारी वाजली. केरबा दचकला. एका माणसाने त्याच्या डोक्यावर बघता बघता फेटा चढवला. एक मुलगी आरतीचं ताट घेऊन पुढे झाली, तशी हिरा एक पाऊल मागे सरली आणि हळूच म्हणाली, "बाय, आमी कुकू लावत न्हाई." मुलगी गोंधळली. मॅनेजर पुढे झाला. सुश्रुत नाव, तिशीतला, पुणेरी बोलणं. "काही हरकत नाही, काकू," म्हणत त्याने ताट मागे पाठवलं. "काका, किती वर्षं झाली लग्नाला?"

"हां," केरबा म्हणाला. "झाली बरीच."

खोली वरच्या चौकात होती. पलंगावर गुलाबाच्या पाकळ्यांचा बदाम आणि पांढऱ्या टॉवेलांची दोन बदकं. हिरा दारातच उभी राहिली.

"ही काय थेरं?"

"टावेल हायेत."

"मंग आता अंग पुसाया ही बदकं मोडायची व्हय?" मग ती न्हाणीघरात डोकावली. "अवो, हितं हौद हाय. म्हस बसंल एवढा."

केरबाला हसू आलं, आणि हसलो म्हणून लगेच वाईटही वाटलं. हिराने पाकळ्या गोळा करून एका कोपऱ्यात ठेवल्या, पलंगाच्या कडेला टेकली आणि पिशवीतून मेणबत्ती, काडेपेटी, पांढऱ्या शेवंतीची पुडी काढून मांडीवर घेतली. "आता चला," ती म्हणाली. "कुटं हाय ते विचारा कुणाला तरी."

कुणाला विचारायचं हे केरबाने ठरवून ठेवलं होतं. आकाशबरोबर कामाला असलेला बेडशाचा अमृत आता इथेच होता. पाहुण्यांची छोटी बॅटरीवरची गाडी चालवायचा. त्या दिवशी आकाशला उचलून गाडीत घालणाऱ्यांत तो होता. मातीलाही आला होता. केरबा त्याला चौकाखाली गाठायला गेला तेव्हा फेट्यामुळे अमृतने आधी त्याला पाहुणाच समजून सलाम केला.

"आबा? तुमी?" त्याचा चेहरा उतरला. "आन् मावशी?"

"वर हाय. तिला जागा दाखव, बाबा. मेणबत्ती लावायची तेवढी."

अमृतने इकडेतिकडे पाहिलं. "आबा, त्या गोष्टीचं हितं नाव काढायचं न्हाई, आसं आमाला सांगितल्यालं हाय."

"मी कुटं गाजावाजा करतूय? दोन मिनटांचं काम हाय."

अमृत बराच वेळ गाडीचं स्टिअरिंग पुसत राहिला. मग म्हणाला, "तीन वाजता या. तवा लोक झोपत्यात. कुणी विचारलं तर झाडं बघतूय म्हणा."

तीन वाजता त्याने दोघांना गाडीत घेतलं आणि तटाच्या कडेकडेने एका बुरुजापाशी नेलं. तिथे चाफ्याचं झाड होतं, खाली हिरवळ, बाजूला लाल मातीचं आळं. आसपास चिटपाखरू नव्हतं. अमृत उतरला, झाडाजवळ गेला आणि पायाकडे बघत म्हणाला, "हितं, मावशी."

हिरा खाली बसली ती जवळजवळ पडलीच. तिने दोन्ही तळवे मातीवर टेकले. केरबा मात्र उभाच राहिला. ऊन त्याच्या डोळ्यांवर येत होतं. बुरुजाच्या मागे सूर्य कलला होता, म्हणजे बुरूज नैर्ऋत्येचा. आणि विहीर कुठेच दिसत नव्हती.

पोलिसांच्या पंचनाम्याची प्रत केरबाकडे होती. हिराला वाचता येत नव्हतं, आणि त्याने ती तिला कधी वाचूनही दाखवली नव्हती, कारण त्यात पुढे आकाशच्या अंगाचं वर्णन होतं. बुरुजाखाली, एवढंच तिला माहीत होतं. केरबाला मात्र ती ओळ पाठ होती. उत्तर बुरुजाच्या आतील बाजूस, विहिरीच्या कठड्यापासून पूर्वेस सतरा फुटांवर.

त्याने अमृतकडे पाहिलं. अमृत चाफ्याच्या खोडाकडे बघत होता.

हिराने मेणबत्ती लावली. वारा होता, म्हणून पदराचा आडोसा धरला. फुलं वाहिली. तिने म्हणायला सुरुवात केली तसा केरबाही गुडघ्यावर बसला आणि तिच्या मागोमाग म्हणू लागला. म्हणताना त्याचं डोकं चालूच होतं. हवालदाराने पंचनामा चौकीत बसून लिहिला असेल. दिशा चुकली असेल. विहीर बुजवली असेल. अमृत तर स्वतः हजर होता, तो कशाला चुकेल? केरबाने स्वतःला हे तीन-चारदा सांगितलं.

हिरा उठली तेव्हा रडत नव्हती. तिने अमृतच्या गालावरून हात फिरवला. "लेकरा, लय उपकार झालं तुजं. किती गार जागा हाय. झाड बी हाय डोक्यावर." अमृतने मान खाली घातली आणि गाडी वळवायला गेला.

पाच वाजता सुश्रुत स्वतः खोलीवर आला. "काका, काकू, चहाला चला. तुमच्यासाठी आमचं सगळ्यात भारी टेबल काढून ठेवलंय. त्या टेबलासाठी लोक महिनाभर आधी फोन करतात."

मोठ्या चौकातून तो त्यांना पलीकडे घेऊन गेला. तिथे दगडी फरशीचं ऐसपैस अंगण होतं, वीसेक टेबलं, एका कोपऱ्यात बासरी वाजवणारा माणूस. दूर पवनेचं पाणी चकाकत होतं. मध्ये हातभर उंचीचा गोल दगडी कठडा होता आणि त्यावर जाड काच. काचेखाली दिवे लावलेले. लोक वाकून खाली बघत होते.

केरबा थांबला. "हे काय?"

"विहीर, काका. गढीची मूळ विहीर."

"गढीत विहिरी किती?"

"एकच. साडेतीनशे वर्षांची आहे. आणि हा उत्तर बुरूज. इथून सगळा जलाशय दिसतो, म्हणून बसायची जागा इथेच केली. या, हे तुमचं टेबल."

केरबा रेल्वेत चावीवाला होता. चौतीस वर्षं तो रोज रुळांतून चालला, हातोड्याने चाव्या ठोकत. त्याचं पाऊल अडीच फुटांचं होतं, ना बोट कमी ना बोट जास्त. कठड्यापासून पूर्वेकडच्या त्या टेबलापर्यंत तो मोजायचं नाही असं ठरवून चालला, आणि तरी पायांनी मोजलं. सातव्या पावलाला खुर्ची आली.

तो बसला.

टेबलावर पांढरं कापड होतं. थालीपीठ आलं, लोण्याचा गोळा आला, कांदाभजी आली. शेजारच्या टेबलावर एक जोडपं फोन उंच धरून स्वतःचे फोटो काढत होतं. हिराने थालीपीठ मोडलं, लोण्यात बुडवलं आणि खाल्लं. मग दुसरा घास घेतला. अख्खं थालीपीठ संपवून तिने वाढणाऱ्या मुलाकडे पाहिलं.

"अजून एक मिळंल का, बाळा?"

केरबा तोंड उघडून बसला होता. हिरे, ती जागा ही, आपण बसलोय ती, हे शब्द त्याच्या जिभेवर आले होते. चार वर्षं तिने मागितलं होतं ते हेच. हे सांगणं त्याचं कामच होतं. आणि सांगितलं तर? ही बाई इथे, या लोकांत, या फरशीवर आडवी पडेल. किंवा पडणारही नाही. पोरगं आता चहाच्या टेबलाखाली पडून आहे एवढंच तिला कळेल, आणि जन्मभर कळत राहील.

"काय बघताय?" हिरा म्हणाली. ओठाला लोणी लागलं होतं. "मला आज भूक लागलीया. खा की तुमीबी."

"खातूय."

त्याने टेबलाखाली एका पायाने दुसऱ्या पायातला बूट काढला. मग दुसराही काढला. दोन्ही तळवे त्याने फरशीवर सपाट टेकवले. फरशी घासून गुळगुळीत केलेली होती, गार होती. त्याने मनातल्या मनात त्रिसरण सुरू केलं.

"काय झालं?"

"बूट चावतूय."

"सांगितलं हुतं, चपला घाला म्हून. साहेबी हौस."

एवढ्यात सुश्रुत केक घेऊन आला. मागे तीन वाढपी टाळ्या वाजवत होते. शेजारच्या जोडप्यानेही टाळ्या वाजवल्या. केकवर दोघांची नावं होती. हिराने घाबरत सुरी धरली, केरबाचा हात तिच्या हातावर ठेवला गेला, आणि सुश्रुतने मोबाइल रोखला.

"काका, जरा हसा ना."

"हसा की वो," हिरा म्हणाली. "यशूला पाठवायचाय." ती स्वतः हसली. पुढचे दोन दात पडलेले, तरी हसली. केरबाने असं तिला चार वर्षांत पाहिलं नव्हतं.

त्याचं त्रिसरण तिसऱ्यांदा म्हणून व्हायचं होतं. तळवे न हलवता ते त्याने पुरं केलं, आणि मग तो हसला.

सकाळी निघायच्या आधी हिराने पुन्हा चाफ्याकडे जायचं काढलं. अमृतने दोघांना नेलं. कालच्या मेणबत्तीचं मेण कुणीतरी खरवडून आळं साफ केलं होतं. हिराने रुमाल काढला. "मूठभर माती घिऊ," ती म्हणाली. "घरी फोटोखाली ठिवीन. मंग सारखं यायला नको हितं."

ती फुलं वेचायला झाडाच्या पलीकडे गेली, तसा अमृत केरबाजवळ आला. रात्रभर झोपला नसावा असे त्याचे डोळे होते.

"आबा, काल तुमाला तितं बसवलं. मला ठाव नव्हतं तुमाला तितंच बसवतील म्हून. आबा, ही जागा..."

"जागा बरोबर हाय," केरबा म्हणाला.

"न्हाई ओ आबा. मी..."

"अमृत." केरबाने त्याच्याकडे सरळ पाहिलं. "जागा बरोबर हाय. मावशीला रुमाल धर."

अमृतने रुमाल घेतला आणि चारी टोकं धरून उभा राहिला. केरबाने खिशातून घराची किल्ली काढली, गुडघ्यावर बसला आणि आळ्यातली माती उकरून एक मूठ रुमालात टाकली.

हिरा ओंजळभर फुलं घेऊन परत आली. वाकून तिने माती बोटांत चुरून बघितली आणि मान हलवली.

"ही न्हाई. ही बागंसाठी बाहेरनं आणल्याली दिसतीया, नवी हाय. त्याच्या टायमाची खाली आसंल. जरा खोल काढा."

केरबाने रुमालातली माती झटकून टाकली आणि आणखी खोल उकरू लागला.