मयताच्या घरची दाढी

खुर्ची आली आणि त्याच दिवशी आमचं धान्य बंद झालं.

सकाळी संस्थेचा टेम्पो आला. गोल फिरणारी खुर्ची, मोठा आरसा, कात्र्या, वस्तरे, पांढरी कापडं, सगळं नवंकोरं. आम्ही उतरवून घेतलं, ह्यांनी सही केली, मग ह्यांना, मला आणि सासूबाईंना खुर्चीशेजारी उभं करून फोटो काढला. दुपारी पिशव्या घेऊन धान्याच्या रांगेत उभी राहिले, तर खिडकीतला माणूस म्हणतो, "ताई, तुम्ही आता स्वावलंबी झालात. तुमचं नाव निघालं इथून." अजून एकाही गालाला साबण लागला नव्हता! बाळंतिणीच्या कुशीतलं पोर उचलायचं आणि त्याला म्हणायचं, जा, कमवून आण, तसला प्रकार. पण खिडकीशी भांडून काय होणार? खिडकीतला माणूस गोड बोलत होता. गोड बोलणाऱ्याची गचांडीही धरता येत नाही.

ह्या संस्थेची मदत दोन हप्त्यांत मिळते. पहिल्यात सामान. धंदा चालताना दिसला तर दुसऱ्यात रोख, आणि ती रोख गाळ्याच्या डिपॉझिटला जायची होती. गाळामालक तेवढ्यासाठीच थांबला होता. हप्ता आला नाही तर गाळा जाणार, गाळा गेला की खुर्ची संस्था परत नेणार, आणि धान्यासाठी पुन्हा पहिल्यापासून अर्ज, चौकशी, रांग. उपाशी मरायची पक्की सोय, आणि तीही मदत म्हणून.

"चालताना दिसला तर." आता आमचा धंदा चालत होता का? असा चालत होता की बघत राहावं! सकाळी शटर वर जायच्या आधी बाकडं भरलेलं. आमच्या गावाकडची, आसपासच्या गावांची, तोफा सुरू झाल्यावर हाती लागेल ते घेऊन पळालेली आणि ह्या वस्तीत येऊन पडलेली सगळी माणसं ह्यांच्याकडेच यायची. ह्यांचा हात मुळात हलका. वस्तरा गालावरून जातो ते कळत नाही. दिवसभर उभं राहून संध्याकाळी पाय सुजायचे, मी गरम पाणी द्यायचे.

गल्ला माझ्याकडे होता. गल्ला म्हणजे बिस्किटांचा पत्र्याचा डबा. झाकण उघडलं की अजून बिस्किटांचाच वास यायचा, कारण दुसरं काही आत पडतच नव्हतं.

त्याचं कारण माझे सासरे. ते आता नाहीत, पण त्यांचा नेम आहे. ज्या घरात माणूस गेलं, त्या घरची दाढी-कटिंग वर्षभर फुकट. ते म्हणायचे, दुःखात माणूस स्वतःच्या तोंडाकडे बघत नाही, त्याला धरून खुर्चीत बसवणं आपलं काम, आणि त्या कामाचे पैसे नसतात. वर्ष सरलं की तो आपणहून गल्ल्यात पैसे टाकतो. टाकले की समजायचं, माणूस उठला. आम्ही कुणी विचारायचं नाही.

गावात हे शोभून दिसायचं. तिथे असं घर एखादं असायचं, बाकीचं गाव पैसे देणारं. इथे? इथे मयत नसलेलं घर दाखवा आणि बक्षीस घेऊन जा!

"अहो, निम्मे तरी घ्या," मी म्हणायचे.

"निम्मं मयत असतं का?" हे विचारायचे आणि पुढच्याच्या गळ्याभोवती कापड बांधायचे.

मी चिडायचे. डबा आपटायचे. बाकड्यावरची माणसं खाली बघायची. त्यांच्यावर तरी किती चिडणार, दिवसाच्या मजुरीवर जाणारी माणसं ती, मिळालं तर काम, नाही तर चौकात उभं राहून परत. दाढी केलेला माणूस मुकादम आधी निवडतो, म्हणून यायची. म्हणजे आमच्या खुर्चीवर सगळ्या वस्तीच्या चुली पेटत होत्या, आमची सोडून.

सासूबाई दिवसभर गाळ्याच्या पायरीवर बसायच्या. माझा धाकटा दीर तोफांच्या त्या गोंधळात गावातल्या दुकानाचं शटर लावायला म्हणून गेला, तो परत आलाच नाही. दोघा भावांच्या दोन खुर्च्या होत्या तिथे, शेजारी शेजारी. आता येणाऱ्या प्रत्येकाला सासूबाई विचारायच्या, "कुठून आलास बाबा? वाटेत एक दिसला का, डाव्या भुवईवर खूण असलेला?" सलूनात सगळ्या जगाच्या बातम्या येतात, ही एक तेवढी येत नव्हती.

संस्थेच्या मॅडम पाहणीला येणार असा निरोप आला तेव्हा मी पदर खोचला आणि घरोघर गेले. आधी गेले रेडिओकडे. रेडिओ म्हणजे आमच्या गावाकडचे बस चालवणारे काका. एकदा सुरू झाले की बंद करायचं बटण नाही, म्हणून हे नाव. त्यांचा मुलगा पुलापाशी त्यांच्या हातातून सुटला. पूल ओलांडला तेव्हा हातात त्याची पिशवी होती.

"काका, मॅडमनी विचारलं तर सांगायचं, पैसे देतो."

"पण सूनबाई, आम्ही कुठे देतो?"

"म्हणून तर सांगायचं!"

"खोटं बोलायचं म्हणतेस? मी? तीस वर्षं बस चालवली मी. तिकिटाशिवाय सख्ख्या भावाला चढू दिलं नाही."

"मग आमच्या खुर्चीत बिनतिकीट कसे बसता?"

ते हसले, मग गप्प झाले. रेडिओ गप्प झालेला मी पहिल्यांदा बघितला. म्हणाले, "सांगतो. सगळ्यांना पढवून ठेवतो. तू काळजी करू नकोस."

तिथेच मी काळजी करायला हवी होती.

मॅडम आल्या. कोवळी पोरगी, पाठीवर बॅग, घामाने भिजलेली. चहा नको म्हणाली, सासूबाईंच्या पाया पडली. मला तिचा राग करायचा होता, तोही धड करू देईना. भरलेलं बाकडं बघून तिचा चेहरा उजळला. "वा! किती छान चाललंय!" मग डब्यात डोकावली. "ताई, गल्ला?"

"घरी नेऊन ठेवते," मी म्हटलं.

ती बाकड्याकडे वळली. "काका, इथे दाढीचे किती घेतात?"

"दहा," रेडिओ म्हणाले.

"तीस," त्यांच्या शेजारचा म्हणाला, त्याच दमात.

टोकाचा गवंडी मन लावून विचार करत होता. तो म्हणाला, "पन्नास. पण मिशी धरून."

पैसे द्यायचे एवढंच त्यांना पढवलं होतं. किती द्यायचे हे कुणी पढवलंच नव्हतं. आरशात ह्यांचं तोंड दिसलं. एवढ्या महिन्यांत पहिल्यांदा ह्यांना हसू येत होतं आणि ते दाबत होते. मॅडमच्या कपाळाला मात्र आठी पडली.

"म्हणजे भाव ठरलेला नाही? एकाकडून दहा, दुसऱ्याकडून पन्नास? काका, हे तर लोकांना लुबाडणं झालं."

झालं. रेडिओ उभे राहिले.

"लुबाडणं? कुणाला म्हणता लुबाडणारा? अहो, ह्या माणसाने आमच्याकडून छदाम घेतलेला नाही! वस्तीत विचारा! मी अंथरुणातून उठत नव्हतो, तर घरी येऊन दाढी करून गेला हा. रोज! काल हिने, ह्या सूनबाईने, सांगितलं म्हणून आम्ही खोटं बोलतोय, नाहीतर..."

मी डोळे मिटले. बाकडं एका सुरात बोलायला लागलं. देवमाणूस आहे मॅडम. एक पैसा नाही मॅडम. आईची शपथ मॅडम. प्रत्येकजण आमच्या मदतीला धावला आणि प्रत्येकाने एक एक फावडं माती टाकली.

मॅडमनी मला बाहेर नेलं. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. "ताई, मला तुमचं म्हणणं कळतं. पण मी काय लिहू? उत्पन्न नाही असं लिहिलं की हप्ता गेला. सामान दुसऱ्या कुटुंबाला जाणार. तेही तुमच्यासारखेच आहेत, वाट बघतायत. मी गुरुवारी पुन्हा येते. माझ्या डोळ्यांसमोर लोक पैसे देताना दिसले, तर तसं लिहीन. मागचं काही लिहिणार नाही."

तिच्या हातात होतं तेवढं तिने दिलं. तेच तर दुखतं. कुणीतरी एखादा नालायक सापडावा, त्याच्या दारात जाऊन थुंकावं, एवढीही सोय ठेवलेली नाही ह्या लोकांनी.

संध्याकाळी मी ह्यांच्यासमोर बसले. "सरळ विचारते. वर्ष होत आलं ना सगळ्यांचं? आपण एकाच आठवड्यात पळालो. मग आता घ्या पैसे. तुमच्या बाबांचा नेमही मोडत नाही."

हे वस्तरा पुसत होते. म्हणाले, "माती दिली त्यांचं होत आलं."

"आणि बाकीच्यांचं?"

"रेडिओच्या पोराचं कुठून मोजू? तो दिसेनासा झाला तिथून? मेला म्हणून कुणी बघितलंय? आज मी पैसे घेतले, तर मीच सांगितल्यासारखं झालं ना, तुझा गेला म्हणून." मग आवाज खाली आणून म्हणाले, "ह्या वस्तीत प्रेत मिळालेलं घर किती सुखी आहे, तुला माहिती नाही."

पायरीवर सासूबाई होत्या. डब्याला काय कळतंय, तो रिकामाच राहणार, आणि आपण इथून उठून कुठे जाणार, हे सगळं बोलायचं होतं. गिळलं. भाकरी गिळायला नव्हतीच.

गुरुवारी मॅडम आल्या आणि कोपऱ्यात स्टुलावर बसल्या. बाकडं भरलेलं होतं, पण कुणी कुणाशी बोलत नव्हतं. मी डबा मांडीवर घेऊन बसले होते. मी कुणाकडे गेले नव्हते, कुणाला काही सांगितलं नव्हतं.

पहिले रेडिओ बसले. ह्यांनी साबण लावला, दाढी केली, तुरटी फिरवली, कापड झटकलं. रेडिओ उठले, आरशात स्वतःकडे जरा वेळ बघितलं, आणि माझ्यासमोर येऊन डब्यात नोट टाकली.

"काका, उचला ती," हे म्हणाले.

"राहू दे."

"उचला म्हणतो ना."

"माझं वर्ष झालं, कारागीर."

ह्यांचा हात थांबला. "काही कळलं का? कुठून निरोप आला?"

"निरोप कुठला. मीच सांगतोय. झालं वर्ष. पोरगा गेला माझा." एवढंच बोलले आणि भिंतीला टेकून उभे राहिले. एरवी ह्या माणसाला थांबवावं लागायचं.

मॅडमना ह्यातलं काय कळलं असणार? त्यांना एक म्हातारा दाढीचे पैसे देताना दिसला. त्यांनी मान डोलावली आणि लिहून घेतलं.

मग गवंडी बसला. त्याची बायको पळापळीत मागे राहिली होती. रोज संध्याकाळी तो फाट्यावर जाऊन उभा राहायचा. त्याने नोट टाकली, माझ्याकडे बघितलं नाही. "झालं," म्हणाला. तिसऱ्याचे दोन भाऊ. "झालं आमचंही." चौथ्याला तर बोलवेना, त्याने नुसतीच मूठ डब्यात उघडली. हे उभे होते आणि हात चालवत होते. वाकायचे, साबण लावायचे, पुसायचे. एकदाही वर बघितलं नाही. कुणाच्या मानेवर एक ओरखडा आला. ह्यांच्या हातून ओरखडा!

त्यांनी आपसात ठरवलं होतं, हे तोवर माझ्या लक्षात आलं. आमचा गाळा वाचवायला ह्या माणसांनी आपापली माणसं मारून टाकली होती. आणि मी काय करत होते? मी नोटा सरळ करून डब्यात रचत होते. हात आपोआप करत होते. पोटात भूक असली की हात फार शहाणे होतात. डब्यावर झाकण आपटावं, चालते व्हा म्हणावं, असं एकदा आलं मनात. एकदाच आलं. मग गाळामालकाचं तोंड आठवलं.

मॅडमनी फोटो काढला. रांग, खुर्ची, डबा, सगळं एकात बसेल असा. मग फोन आला म्हणून त्या बाहेर गेल्या.

तेवढ्यात सासूबाई पायरीवरून उठल्या. गुडघे धरत आत आल्या, खुर्चीपाशी उभ्या राहिल्या आणि ह्यांना म्हणाल्या, "ह्याच्या पोराचं वर्ष झालं?"

"आई, तू बस बाहेर."

"त्याच्या बायकोचं झालं?"

"आई."

"मग आपलं पण झालं का रे? धाकट्याचं? पैसे घेतलेस ना तू त्यांचे. मला सांग ना. मी विचारायचं बंद करते मग."

बाकड्यावर कुणी मान वर केली नाही. रेडिओ भिंतीकडे वळले.

"आजी काय म्हणतायत?" मॅडमनी आत येत मला हळूच विचारलं.

"काही नाही. चहा घेणार का विचारतायत."

"नको, नको, पुढे जायचंय अजून." त्यांनी बॅग पाठीवर टाकली. माझा हात हातात घेतला, दाबला. "हप्ता होईल मंजूर, ताई. अभिनंदन." खरंच आनंद झाला होता त्यांना. पुन्हा सासूबाईंच्या पाया पडल्या आणि गेल्या.

खुर्चीत पुढचा माणूस मान मागे टाकून, डोळे मिटून बसला होता. त्याची नोट आधीच मुठीत तयार होती. हे ब्रश हातात धरून आईकडे बघत होते, आई त्यांच्याकडे, आणि ब्रशावरचा साबण वाळत चालला होता.