महाद्वार रोडवरची ‘एकच भाव’ पाटी

मी एक जुनी पत्र्याची पाटी आहे. कोल्हापुरात महाद्वार रोडवर सयाजींचं फेट्यांचं दुकान आहे, तिथे गल्ल्याच्या बरोबर वर मी टांगलेली असते. निळ्या रंगावर पांढऱ्या अक्षरांत माझ्यावर दोनच शब्द आहेत : ‘एकच भाव’. मित्रांनो, हवं तर मला गर्विष्ठ म्हणा. या रस्त्यावर जिकडेतिकडे घासाघीस चालते, पण माझ्यासमोर आलं की माणसं गुमान पाकीट काढतात. मग मी मान ताठ का ठेवू नये?

माझा जन्म एका भांडणातून झाला. तेव्हा सयाजी तरुण होते आणि गिऱ्हाईक बघून किंमत सांगत. कोडोलीच्या दोन चुलतभावांनी एकाच लग्नासाठी अगदी एकसारखे फेटे नेले, पण वेगवेगळ्या दिवशी. मांडवात बोलता बोलता किमती निघाल्या. उदयसिंहांना फेटा बराच महाग पडला होता. ते जेवण टाकून थेट दुकानात आले आणि भर गर्दीत म्हणाले, “माझ्या डोक्याला जास्त पैसं आन् त्याच्या डोक्याला कमी? डोकी काय तागडीत घालून बघतासा व्हय?”

सयाजींची मान खाली गेली. दुसऱ्याच दिवशी त्यांनी पेंटरकडून मला रंगवून घेतलं.

त्यानंतरचे माझे दिवस थाटाचे होते. सयाजींचे सख्खे मेहुणे सवलत मिळाली नाही म्हणून रुसून बसले. एक बडे साहेब गाडीतून उतरले, हुज्जत घातली आणि शेवटी पूर्ण पैसे मोजून गेले. सयाजी सगळ्यांना एवढंच सांगत, “पावणं, पाटी वाचा की.” पुढे दुकानात काचेची कपाटं आली, झगझगीत दिवे आले आणि माझे कोपरे गंजले. माझ्यावर कुणी फडकं फिरवेना. एकदा तर मोबाइलनं पैसे भरायचा तो काळा-पांढरा चौकोन कुणीतरी माझ्या अंगावरच चिकटवला. मला फार वाईट वाटलं.

मग सयाजींची सून क्रांती दुकानात बसू लागली. चांगली नोकरी सोडून तिनं फेट्यांचं ऑनलाइन दुकान उघडलं. बांधलेला तयार फेटा परदेशातल्या आपल्या माणसांना हवाच असणार, अशी तिची खात्री होती. माणसं येत, फेटा निवडत आणि पैसे भरायच्या आधीच निघून जात. किंमत फक्त रुपयांत होती. लंडनच्या माणसाला त्याचे पौंड किती होणार हे कळत नव्हतं आणि वर बँक किती कापणार हेही नाही. सयाजींनी गुढीपाडव्यापर्यंत मुदत दिली. तोवर जम बसला नाही, तर ऑनलाइन दुकान बंद.

क्रांतीनं ज्याला त्याला त्याच्या देशाच्या पैशांत किंमत दिसेल अशी सोय केली. सयाजी भडकले. “एका फेट्याला चार देशांचं चार आकडं? मग ही पाटी कशाला टांगलीया?”

मीही मनातून त्यांच्याच बाजूची होते.

आणि नेमकं फिसकटलं. उदयसिंहांची मुलगी निशिगंधा लंडनला असते. तिचं लग्न तिथेच ठरलं होतं. तिनं संध्याकाळी फेट्याची किंमत बघितली, घरात विचारलं आणि सकाळी वऱ्हाडासाठी फेटे घ्यायला गेली, तर आकडा चढलेला. चलनाचा दर रोज बदलतो, त्याबरोबर दुकानातला आकडाही आपोआप हलत होता. तिनं सरळ सयाजींना फोन लावला. “काका, तुमी परत माणूस बघून भाव सांगाय लागलासा व्हय? आबांना सांगू का?”

सयाजींचा चेहरा उतरला. फोन ठेवून ते म्हणाले, “बंद कर ते, पोरी.”

क्रांती रडली नाही की भांडली नाही. स्टुलावर चढून तिनं मला खाली काढलं, अंगावरचा कागद सोलला, ओल्या फडक्यानं पुसलं आणि सासऱ्यांच्या मांडीवर ठेवलं. त्यांना ती मामा म्हणते.

“मामा, चार आकडं हायीत ही चूक न्हाय. आकडा हलतोय ही चूक हाय. रुपयात जसा एकच, तसा पौंडातबी एकच ठेवू आन् दुबईच्या दिरहामातबी एकच. वर्षभर हलवायचा न्हाय.”

“आन् दर खाली-वर झाला तर?”

“ते दुकानानं सोसायचं.”

सयाजींनी माझ्या अक्षरांवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, “सोसू. पावण्याला दिसंल तेवढंच पावण्यानं द्यायचं.”

त्याच दिवशी माझा फोटो ऑनलाइन दुकानाच्या अगदी माथ्यावर लागला, गंजलेल्या कोपऱ्यांसकट. खाली फेटा, त्याखाली ज्याच्या त्याच्या पैशांत किंमत आणि तिच्याखाली बारीक अक्षरांत रुपये. फेटे निघाले की हो! लंडनला गेले, दुबईला गेले, न्यू जर्सीला गेले. पाडव्याच्या आधीच फेटे बांधायला उचगावच्या आणखी बायका बोलवाव्या लागल्या. मुदतीचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही. आता परदेशातून कुणी ‘थोडं कमी करा की’ असं लिहिलं, तर क्रांती उत्तर म्हणून नुसता माझा फोटो पाठवते.

पण माझा खरा विजय निशिगंधाच्या लग्नात झाला. तिचे आबा, म्हणजे आपले उदयसिंह, लंडनला गेले होते; डोक्यावर निशिगंधानं शेवटी पौंडांत घेतलेला आमचाच फेटा. त्यांच्या त्याच चुलतभावाचा मुलगा यशराज दुबईहून आला होता. त्याच्या डोक्यावरही आमच्याच दुकानाचा तसाच फेटा होता, दिरहाममध्ये घेतलेला. उदयसिंहांची जुनी खोड कुठली जायला? भर लग्नात त्यांनी दोन्ही किमती रुपयांत करून बघितल्या आणि तिथूनच दुकानात व्हिडिओ कॉल लावला. त्यांचा चेहरा दिसताच सयाजी उठून उभे राहिले. क्रांतीच्या हातातली कात्री थांबली.

“सयाजीराव,” उदयसिंह म्हणाले, “एका कप च्याचा फरक सोडला, तर दोन्ही डोक्यांचा भाव जुळला की.”

 सयाजींनी मोबाइल वर धरून मला दाखवलं आणि लंडनमधल्या अख्ख्या वऱ्हाडानं टाळ्या वाजवल्या. इतकी वर्षं मी भिंतीवर आहे, पण टाळ्या पहिल्यांदाच ऐकल्या.

मित्रांनो, उद्या तुम्ही दुकान थाटलंत, तर समोरच्याला कळेल अशा त्याच्या पैशांत किंमत सांगा आणि एकदा सांगितली की तिला धरून राहा. तुमच्याही भिंतीवर एखादी जुनी पाटी असेल, तर तिच्यावर कागद चिकटवण्याआधी ती एकदा वाचा. माझ्यावर हल्ली रोज सकाळी ओलं फडकं फिरतं. ते सयाजी स्वतः फिरवतात.