उतारूंना दिसू नये म्हणून

पाहुण्यांनी बशीतला चहा फुर्रकन ओढला आणि मुलाच्या बापाने विचारलं, "चूल पेटाडता येस ना तुले?"

वत्सलाने खाली मान घालून बसायचं होतं. ती खुर्चीवर ताठ बसली होती. "येस," ती म्हणाली. "इंजिन बी पेटाडता येस. तुमना पोऱ्याले काय येस?"

पोऱ्या नखं बघत राहिला. सोयरीक तिथेच मोडली. पाहुण्यांची बैलांची दमणी वेशीबाहेर जाताच दगाकाका, वत्सलाच्या बापाचा, शांतीलालचा थोरला भाऊ, ओसरीवर येऊन गरजला, "पोरनी जात, आभायमा काय काम तिन्हं? आते कोन करी लगीन हिन्हासंगे?"

"मन्हा बी तोच सवाल शे, काका. या गावमा लगीन कराजोगं शे तरी कोन?"

कळसाडीत असं बोलणारी मुलगी कुणी ऐकली नव्हती. दोष शांतीलालचा, असं सगळे म्हणत. शहाद्याला त्याचं कापसाचं जिन होतं. पोर लहानपणापासून तिथल्या तेलइंजिनाभोवती घोटाळायची. त्याने तिला मुंबईला कॉलेजात घातलं, तर तिने तिथल्या फ्लाइंग क्लबात नाव नोंदवलं, आणि या बापाने भावाला न विचारता फी भरली. सोयरीक मोडली त्या उन्हाळ्यात तिच्याकडे विमान चालवण्याचं पहिलं लायसन होतं. पुढच्या वर्षी पोटापाण्यासाठी विमान चालवायचं लायसनही मिळालं. ते घेऊन ती एका बड्या विमान कंपनीत गेली.

मॅनेजरने आधी तिच्या पायांतल्या चपला पाहिल्या, मग लायसन. "बाई, उतारू घाबरतील. तिकिटाच्या टेबलावर एक जागा आहे."

"टेबलावर बाई बघून घाबरत नाहीत वाटतं?" म्हणून ती उठली.

मग ती क्लबातच शिकवायला लागली. जी मुलं वर गेल्यावर डोळे मिटून घेत, स्वतःच्याच मांडीवर ओकत, त्यांना तिने माणसात आणलं. आणि त्याच कंपनीने त्यांना पायलट म्हणून उचललं. ती एकेकाचं अभिनंदन करी आणि मनातल्या मनात थुंके.

दुसऱ्या महायुद्धाची लढाई संपली. लष्कराची जुनी डाकोटा विमानं स्वस्तात निघाली आणि नव्या कंपन्या पावसाळ्यात कुत्र्याच्या छत्र्या उगवाव्यात तशा उगवल्या. त्यातल्या एकीने वत्सलाला मालवाहतुकीवर घेतलं. माल घाबरत नाही ना! दोन वर्षं तिने कापडाच्या गासड्या, औषधांची खोकी, एकदा तर कोंबडीची पिल्लं वाहिली. पायलट कमी पडायला लागले तेव्हा मालकाने तिला उतारूंच्या विमानावर घेतलं, पण अट घातली. उतारू चढण्याआधी तिने आपल्या जागेवर जाऊन बसायचं आणि शेवटचा उतारू दिसेनासा झाल्यावरच खाली उतरायचं.

तिने अट मानली. उभ्या विमानात भट्टीसारखं तापायचं. घामाने सदरा अंगाला चिकटायचा, आणि खाली लोक प्रवास किती छान झाला म्हणत चालते व्हायचे. अशा वेळी मालकापेक्षा तिला स्वतःचाच जास्त तिटकारा यायचा. एका दुपारी, अहमदाबादहून आल्यावर, तिने दार उघडलं आणि उतारूंबरोबरच शिडी उतरली.

खाली एक शेटजी उभे होते. त्यांनी आपली बॅग तिच्या हातात दिली. "बाई, मोटारीपर्यंत आण जरा."

वत्सलाने बॅग त्यांच्या पायांशी ठेवली. "अहमदाबादेहून इथवर मीच आणली, तुमच्यासकट. आता मोटारीपर्यंत तुम्ही न्या."

"तुम्ही? विमान?" शेटजींनी वर पाहिलं, मग पोट चाचपलं, सगळं जागच्या जागी असल्यासारखं.

संध्याकाळी मालक तापला होता. "त्यांची माफी मागा."

"कशाबद्दल? सुखरूप उतरवल्याबद्दल?"

मालकाचे दोन पायलट त्याच महिन्यात दुसरीकडे गेले होते आणि सकाळच्या विमानाला तिच्याशिवाय कोणी नव्हतं. "बरं, उतरत जा हवं तेव्हा," तो कागद चाळत पुटपुटला. हे मोठं मन नव्हे, नड आहे, हे वत्सलाला पक्कं ठाऊक होतं. तिने आभार मानले नाहीत.

त्या वर्षी आखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या सणाला, ती कळसाडीला आली. निंबाला झोके बांधलेले, माहेरवाशिणी गाणी म्हणत होत्या. ओसरीवर दगाकाका चार माणसं जमवून सांगत होता, "हाई मन्ही पुतनी. हिले मुंबईले मीच धाडं व्हतं!"

तापीबाईने, वत्सलाच्या आईने, आतून पदराआड हसू दाबलं. शांतीलाल सुपारी कातरत राहिला.

"वत्सला," काका सगळ्यांदेखत म्हणाला, "माले बी बसाड ना एक डाव इमानमा."

"बसाडसू, काका. पन इमान मीच चालाडसू."

काकाने चार जणांकडे पाहिलं. टोपी काढून पुन्हा घातली.

"नको वं," तो म्हणाला, "नंदुरबारथून रेल्वेच बरी शे."