दोन कळ्या

पडदे शिवून घर चालवणारी म्हणून इमारतीत तिला सगळे पडदेवाली ताईच म्हणायचे. वरच्या मजल्यावर नर्सबाई राहायच्या, निवृत्त, एकट्या. एका सकाळी त्या जिना उतरून आल्या आणि दोन हिरव्या, खवल्याखवल्यांच्या, मुठीएवढ्या कळ्या तिच्या हातात ठेवून गेल्या. "आर्टिचोक म्हणतात याला. माझ्या कुंडीतलं आहे. करून बघ."

करायचं कसं, हे विचारायचं तिच्या जिभेवर आलं होतं. पण एवढी वर्षं चूल सांभाळलेली बाई भाजी कशी करायची विचारणार? तिने दोन्ही कळ्या कचाकच चिरल्या, कांद्यावर परतल्या, तिखटमीठ घातलं आणि झाकण ठेवलं.

जेवताना नवरा चावतोय, चावतोय, घास काही संपेना. "अगं, कुंचा शिजवलास की काय?"

लेकीने ताटाच्या कडेला चोथा काढून ठेवला. "आई, घशात केस अडकल्यासारखं होतंय."

ताईने स्वतः एक घास घेतला आणि अख्खी भाजी कागदात गुंडाळून कचऱ्यात टाकली.

दुसऱ्या दिवशी नर्सबाई जिन्यातच भेटल्या. "कशी झाली गं?"

"एकदम मस्त! ह्यांनी तर पुन्हा मागून घेतली." शब्द तोंडातून कसे निघाले, तिचं तिलाच कळलं नाही.

बाईंचा चेहरा असा काही फुलला! "मग आज वरच ये. शेवटच्या दोन राहिल्यात. तुझ्या पद्धतीने करून दाखव, मीही शिकेन."

ताईने पडद्यांची घाई सांगितली, लेकीचा अभ्यास सांगितला. बाई ऐकतात कुठल्या? संध्याकाळी वर जावंच लागलं.

बाईंनी चिरायची फळी, सुरी आणि कळ्या पुढे ठेवल्या. ताईने कालच्यासारखीच सुरी चालवली.

"आतले केस नाही काढत तू?"

"आम्ही... ठेवतो."

"ठेवता? आणि यजमानांनी पुन्हा मागून घेतली?" बाई हसत होत्या, मग हसायच्या थांबल्या. "माणूस खोकून बेजार होतो गं त्याने."

ताईचे कान तापले. सुरी खाली ठेवून ती म्हणाली, "बाई, आम्ही टाकून दिली."

"दोन्ही?"

"दोन्ही."

नर्सबाई खिडकीतल्या कुंडीकडे बघत राहिल्या. "मागच्या वर्षी त्याला एकही कळी आली नव्हती. या वर्षी चार आल्या." मग तिच्याकडे वळून शांतपणे म्हणाल्या, "आवडली नाही, टाकली, त्याचं काही नाही. पण विचारायला एक मजलाच तर चढायचा होता."

त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं, असं ताईला वाटलं. बाईंनी चिरलेले तुकडे बाजूला सारले, उरलेली कळी घेतली, बाहेरची जाड पानं सोलली, चमच्याने आतले केस खरवडून काढले आणि मिठाच्या पाण्यात लिंबू पिळून गाभा उकडायला टाकला. ताई नुसती उभी. मदतीला हात पुढे करायचीही तिला लाज वाटली.

शिजलेल्या गाभ्याचे बाईंनी दोन भाग केले. मऊ, किंचित गोडसर. ताईला ते मनापासून आवडलं, पण तसं म्हणायला तोंड कुठे होतं? खाली मान घालून तिने खाल्लं, भांडी उचलली.

"राहू दे, मी घासते," बाई म्हणाल्या.

त्यानंतर जिन्यात भेट झाली की बाई विचारपूस करायच्या, लेकीची चौकशीही करायच्या. पण त्यांच्या हातात कधी काही नसे. बाई काही दिवस बहिणीकडे राहायला जाणार असं कानावर आलं तेव्हा ताई मशीन बंद करून वर गेली, बेल वाजवली.

"बाई, तुम्ही नसताना झाडाला पाणी मी घालीन. किती घालायचं तेवढं सांगा."

नर्सबाईंनी मागे वळून खिडकीतल्या कुंडीकडे पाहिलं.

"बघू," त्या म्हणाल्या.