घागरीतला त्रिंबक

मुकुंदवाडी स्टेशनच्या मागं पत्र्याची एक शेड होती. दर गुरुवारी दुपारी तिच्या दारात चपलांचा ढीग पडायचा. चिकलठाण्याच्या कारखान्यांची पहिली पाळी सुटली की माणसं हातातल्या डब्यासकट थेट तिथं येत. आत शब्दनाथ महाराज मेलेल्या माणसांना बोलतं करत असत.

त्या गुरुवारी मीही गेलो, कारण त्या दिवशी त्रिंबक बोलणार होता.

त्रिंबक आमच्या जलशाचा गायक. मी शाळामास्तर, पेटी वाजवतो, गाणी जुळवतो. तो कन्नड तालुक्यातल्या मेंढपाळाचा मुलगा, इथं एका कारखान्यात पत्रा दाबणाऱ्या प्रेसवर कामाला. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्या, या मागणीला तेव्हा दहा वर्षं होत आली होती. सभांमध्ये तो गायचा. गावची माणसं विचारत, "तुला रं काय पडलंय त्यात?" तो म्हणे, "मागणी खरी हाय, म्हणून गातो." तीन आठवड्यांपूर्वी तो प्रेसखाली सापडून मेला. प्रेसपुढची संरक्षक जाळी काढून टाकलेली होती. जाळी असली की काम सावकाश होतं, म्हणून काढलेली.

शेडमध्ये एका चौरंगावर शाल पांघरलेली पितळी घागर होती. मागं भगवा पडदा. महाराज डोळे मिटून सांगत होते, "देह म्हणजे साज, शब्द म्हणजे प्राण. साज इथंच जळतो. म्हणून आत्मा बोलतो तेव्हा पेटी नाही, ढोलकी नाही. निव्वळ प्राण. समजलं त्यांनी हात जोडावेत. नाही समजलं त्यांनीही जोडावेत."

सगळ्यांनी जोडले. पहिल्या रांगेत त्रिंबकचा फोरमन कारभारी बसला होता, त्याने सर्वांत आधी जोडले. त्याच्या शेजारी त्रिंबकची आई दगडाबाई होती.

घागरीतून खरखर झाली आणि आवाज आला.

"तुमचा दोष नाय. माझंच चुकलं."

तो त्रिंबकच होता. माझ्या अंगावर काटा आला, हे मी लपवत नाही. दगडाबाईनं घागरीला मिठी मारली. कारभारीनं डोळ्यांना रुमाल लावला.

"बाई," महाराज म्हणाले, "लेकरू दमलं. उरलेलं मला सांगून गेलं. तुझ्या ट्रंकेत त्याच्या सहीचा एक कागद आहे. त्यात त्याचा जीव अडकलाय. पुढल्या गुरुवारी आण, गोदावरीत सोडू."

तो कागद मला माहीत होता. जाळी परत बसवा, असा अर्ज त्रिंबकनं मरायच्या आठ दिवस आधी दिला होता. त्याच्या नकलेवर खाली 'पोचला' म्हणून कारभारीची सही होती. चौकशीला कारखाना निरीक्षक येणार होते, आणि जाळीबद्दल वरिष्ठांना ठाऊक होतं हे सांगणारा तेवढा एकच कागद होता.

बाहेर शेजारच्या सखूबाईला मी म्हटलं, "टेप असणार."

"टेप असती तर ढोलकी नसती का वाजली, मास्तर? त्याचा आवाज ढोलकीबिगर कुठं भरलाय कुणी?"

प्रश्न बिनतोड होता. गावातल्या कुठल्याही टेपरेकॉर्डरवर गाणं भरलं की आवाज, पेटी, ढोलकी एकमेकांत मिसळतात, पुन्हा वेगळे करता येत नाहीत. पण मी चौरंगाच्या जवळ बसलो होतो. त्रिंबकच्या दोन वाक्यांमधल्या शांततेत मला फार बारीक टकटक ऐकू आली होती, घड्याळ कानाला लावल्यासारखी. ती घड्याळाची नव्हती. तो ठेका होता.

मी सायकल काढली आणि शहराच्या छावणी भागात शौकतकडे गेलो.

शौकत रेडिओ दुरुस्त करतो, आमच्या जलशात ढोलकी वाजवतो. त्याच्या मेहुण्यानं शारजाहून एक रेकॉर्डर आणलं होतं, शाळेच्या हजेरीपटाएवढं. स्टुडिओ आम्हाला कुठला परवडणार, पण या यंत्रानं आम्ही दाराला गोधड्या टांगून घरीच गाणी भरत होतो. साध्याच कॅसेटवर ते चार वेगळ्या पट्ट्यांत आवाज भरतं. आधी ढोलकी भरायची. मग कानाला हेडफोन लावून ती ऐकत ऐकत पेटी, शेवटी गाणं. प्रत्येक पट्टीला आपली सरकती खुंटी. खुंटी खाली ओढली की तो आवाज बंद.

त्रिंबकच्या हेडफोनमधून झिरपलेली ढोलकी त्याच्या मायक्रोफोननं टिपली होती. तीच ती टकटक.

"यंत्र कुठंय?" मी विचारलं.

शौकतचा चेहरा उतरला. "कारभारी घेऊन गेला. शोकसभेला त्रिंबकच्या गाण्यांच्या कॉप्या काढायच्या म्हणाला. मैंने खुद सिखाया उसको, मास्तर. कोणती खुंटी कशाची, चिठ्ठ्या चिकटवून दिल्या." तो भिंतीला टेकून खाली बसला. "मय्यत का भी लिहाज नहीं किया."

दुसऱ्या दिवशी मी दगडाबाईला सगळं समजावलं. ती शांतपणे ऐकून घेत होती. मग म्हणाली, "माझ्या लेकराचा आवाज मला कळत नाय व्हय?"

"आवाज त्याचाच आहे, बाई."

"मंग झालं."

पोटचा मुलगा गेलेल्या बाईशी वाद घालायला मला लाज वाटली आणि तिला इथवर आणणाऱ्यांचा इतका संताप आला की घरी येऊन मी जेवलो नाही.

गुरुवारी ती आली. कागद पदराच्या गाठीत बांधलेला होता. महाराजांची साज आणि प्राणाची पोपटपंची झाली, घागर खरखरली, आवाज आला: "तुमचा दोष नाय. माझंच चुकलं."

दगडाबाई गाठ सोडू लागली. तेवढ्यात शौकत उठला आणि सरळ पडद्यामागं गेला. "पाप लागेल," महाराज ओरडले. कारभारी धावला, पण मी वाटेत उभा राहिलो, आणि आमच्या जलशाचे चौघे माझ्या बाजूला.

शौकतनं पडदा ओढला. आत महाराजांचा चेला बसला होता, पुढ्यात यंत्र. यंत्रातून निघालेली वायर घागरीतल्या स्पीकरला गेली होती.

"बसा सगळे," शौकत म्हणाला. "आता पूर्ण ऐका."

त्यानं टेप थोडी मागं नेली. आधी फक्त त्रिंबकची खुंटी वर ठेवली. आवाज उघडाच आला. मग ढोलकीची वर सरकवली, ढोलकी आली. पेटीची सरकवली, पेटी आली. त्रिंबक गात होता: "दारावरती नाव लिहा हो, पाटी आमची कोरी नाही." 'कोरी'वर त्याचा सूर घसरला. तो थांबला. ढोलकी पुढं चालत राहिली आणि तिच्यावरून तो म्हणाला:

"शौकतभाई, तुमचा दोष नाय. माझंच चुकलं. परत घ्या."

मग तो हसला.

ज्या हसण्यामुळं आम्ही ते गाणं त्या दिवशी तीनदा भरलं होतं, ते हसणं यांनी खुंटी खाली ओढून कापून टाकलं होतं. पुढचं शौकतचं नाव कापलं, मागचं 'परत घ्या' कापलं, आणि मधल्या पाच शब्दांनी मेलेल्या माणसाकडून त्याच्याच मरणाची कबुली घेतली होती.

दगडाबाई कारभारीपुढं जाऊन उभी राहिली. "गाण्यात चुकलं म्हनला त्यो," ती म्हणाली. "जाळी त्यानं काढली नव्हती."



कागद तिनं निरीक्षकांच्या हातात स्वतः दिला. जाळ्या बसल्या. कारभारी दुसऱ्या कारखान्यात गेला, आणि महाराज कुठल्याशा तालुक्यात आता मधुमेह बरा करतात असं ऐकतो. दगडाबाई अधूनमधून छावणीत शौकतकडे जाते. वस्तीतल्या बायका सोबत नेते, यंत्रापुढं बसवते आणि एकेक खुंटी स्वतः खालीवर करून दाखवते. "ह्यात द्येव नाय, भूत नाय. हितं बोट हाय. बोट कुणाचं, त्ये इचारा."

मला एवढंच सांगायचं आहे. यंत्र वाईट नव्हतं, त्रिंबकचा आवाज खोटा नव्हता, आणि रडणारी आई मूर्ख तर नव्हतीच. तुमच्यापुढं कुणी चमत्कार मांडला तर हात जोडण्याआधी उठा आणि पडदा बाजूला करा. तो म्हणेल पाप लागेल. लागू द्या. पडद्यामागं बघितल्यानं आजवर कुणी मेलेलं नाही. न बघितल्यानं मात्र मेलेल्या माणसाला पुन्हा एकदा मारता येतं.