जरबेराच्या घरात

मुरुडच्या अलीकडे रस्त्याला लागून असलेली ती बाग बघायला फाल्गुनात लांबलांबून गाड्या येतात. मल्लेशनं दुकान भावावर सोपवून सकाळीच उदगीरहून गाडी काढली. हे त्याच्या आईनं, जगदेवीनं सुचवलेलं. सुनेला चार माणसांत फिरवून आण, घरात बसून बसून डोकं आणखी बिघडतं, असं तिचं म्हणणं. मंजुश्री साडी बदलून गाडीत बसली.

दिवाळीनंतर तिला मुलगा झाला होता. उदगीरच्या दवाखान्यात सिझर झालं, पण बाळ धड रडलंच नाही. त्याला लगोलग ॲम्ब्युलन्समधून नांदेडला हलवलं. सोबत मल्लेश गेला. टाके घातलेली मंजुश्री खाटेवरच राहिली. बारशाच्या आधीच सगळं आटोपलं. बाळ परत आलं ते थेट समाजाच्या स्मशानभूमीत. तिला त्याला मांडीवर घेता आलं नाही.

तिच्याकडे धरून ठेवायला एकच गोष्ट होती. आठव्या महिन्यात समाजाच्या गुरूंनी, जंगमस्वामींनी, पोटातल्या बाळाचं म्हणून एक लहानसं इष्टलिंग, जन्मभर गळ्यात बाळगायचं शिवलिंग, पांढऱ्या कापडात गुंडाळून तिच्या गळ्यात बांधलं होतं. ऑपरेशनला नेताना तिनं ते उतरवून मल्लेशच्या हातात दिलं, बाळाला घाला म्हणून. लिंगायतांत माणसाला मातीत ठेवताना त्याचं लिंग त्याच्या डाव्या तळहातावर ठेवतात. मग जाणारा एकटा जात नाही. मल्लेश माती देऊन घरी आला तेव्हा, लिंग हातात दिलं का, एवढंच तिनं विचारलं होतं.

"हाव, दिलं हातात," तो म्हणाला होता.

त्यानंतर तिनं काही विचारलं नाही. तेवढ्या एका उत्तरावर ती आजवर जेवत होती, झोपत होती.

बागेत गर्दी होती. कॉलेजच्या पोरी फुलांपुढं उभं राहून फोटो काढत होत्या. जरबेराच्या पॉलीहाऊसच्या दारात पारूबाई नावाची तिथली कामकरी बाई माणसं मोजून आत सोडत होती. तिनं दोघांना औषधाच्या पाण्यात पाय बुडवायला लावले. आत दोन दारं होती. पहिलं लागल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही, कशाला हात लावायचा नाही, बाहेरची हवा फुलांना बाधते, असं तिनं बजावलं. मल्लेशचं विजेच्या सामानाचं दुकान आहे हे कळल्यावर म्हणाली, "बघा साहेब, फुलांला गार पाण्याचे फवारे, अन आमच्या घरी पंखा बी फिरंना."

 मल्लेश दोन दारांच्या मधेच थांबला होता. मंजुश्रीनं मागं वळून पाहिलं.

"नांदेडला बी असंच होतं," तो म्हणाला. "पाय धुवा, हात धुवा, लांबून बघा."

चार महिन्यांत त्याच्या तोंडून नांदेडचं नाव तिनं पहिल्यांदा ऐकलं.

आत लाल-पिवळ्या फुलांच्या लांबच लांब रांगा होत्या आणि प्लॅस्टिकखाली दमट उकाडा कोंडलेला होता. थोड्याच वेळात मल्लेशचा सदरा पाठीला चिकटला. त्यानं वरची दोन बटणं काढली, रुमालानं मान पुसायला घेतली. त्याच्या गळ्यात त्याच्या लिंगाची चांदीची डबी होती. तिच्याखाली, वेगळ्या दोऱ्यात, पांढऱ्या कापडाची एक बारकी पुरचुंडी होती. कापड घामानं पिवळट पडलं होतं. गाठ तिनं ओळखली.

"ते कुणाचं?"

त्यानं बटण लावायला हात वर नेला आणि तसाच खाली घेतला.

"तुम्ही दिलं म्हणाला होता."

मग तो बोलला, फुलांकडं बघत. नर्सनं काचेच्या पेटीत काही ठेवू दिलं नाही, दोरा नको, कापड नको म्हणाली. बाळ बाहेर आलं की घालू, असं त्यानं ठरवलं. बाळ बाहेर आलं ते तसं. मातीत ठेवताना चुलता म्हणाला, लिंग हातात दे.

"मूठ मिटलेली होती त्याची," मल्लेश म्हणाला. "एक बोट सोडवाया गेलो. लई बारीक होती गं बोटं. मोडतील म्हणून सोडून दिलं. काकाला म्हणलं, ठेवलं. तेच तुला सांगितलं."

"शेजारी ठेवायचं होतं. छातीवर ठेवायचं होतं."

"सुचलं होतं."

"मग?"

"मग माझ्याजवळ काय राहिलं असतं?"

मंजुश्री वाफ्याच्या कडेला खाली बसली. पोरींचा घोळका तिला वळसा घालून पुढं गेला. वरचे फवारे सुरू झाले, पाण्याची धूळ तिच्या केसांवर बसत राहिली. रिकाम्या हातानं गेलं, असं ती एकदा स्वतःशीच म्हणाली.  लिंग मल्लेशच्या गळ्यातच होतं आणि तिनं ते मागितलं नाही.

मग तिनं विचारलं, "अंगठा कुठं होता? आत का बाहेर?"

मल्लेशला प्रश्न लगेच कळला नाही. कळल्यावर तो तिच्यासमोर उकिडवा बसला. त्यानं आपला डावा हात पुढं केला, अंगठा तळव्यात दुमडला आणि त्यावरून एकेक बोट मिटलं.

"असा. आत."

तिनं ती मूठ नीट पाहिली. मग आपला डावा हात उघडला, अंगठा आत घेतला आणि बोटं मिटली.

गुलाबाचं घर राहिलंय, गर्दी वाढायच्या आत बघून घ्या, असं सांगत पारूबाई रांगेच्या टोकाशी आली. मल्लेशनं बायकोला दंडाला धरून उठवलं. गुलाबाच्या घरात ती त्याच्यासोबत या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेली. कोणते रंग होते ते तिला सांगता आलं नसतं. डाव्या हाताची मूठ तिनं अजून उघडली नव्हती.