शेवटच्या वाफ्यापर्यंत

मित्रांनो, मी बागेतला एक जुना पाईप आहे. एक होतो, असे म्हणायला हवे. आता माझे दोन तुकडे आहेत आणि दोन्ही कुंपणाशी पडले आहेत. लांबून साप वाटतो म्हणे. सापाला निदान लोक घाबरतात तरी!

आमच्या वस्तीत ताजी भाजी मिळत नसे. दुकानात काय, तर बिस्किटांचे पुडे आणि डबाबंद वाटाणे. भाजीसाठी दोन बस बदलून बाजार गाठावा लागे आणि तिथले भाव ऐकून पिशवी अर्धी रिकामीच परत येई. म्हणून बंद छापखान्यामागच्या मोकळ्या जागेत लोकांनी मिळून बाग केली. घरटी एक वाफा. पुढाकार टपालकाकांचा. त्यांनी उभा जन्म दारोदार पत्रे वाटली होती, त्यामुळे त्यांचा शब्द कुणी खाली पडू देत नसे.

मला त्यांनीच आणले. दुकानदाराने आखूड पाईप पुढे केला, तेव्हा काका म्हणाले, "हा नको. शेवटच्या वाफ्यापर्यंत पोचेल असा दे." ते ऐकले आणि मी त्यांचाच झालो.

बागेचे नियम साधे होते. पाणी शेवटच्या वाफ्यापासून द्यायचे, कारण नळाजवळच्याचे बादलीनेही भागते. आणि कुणी वाफा सुकू दिला, तर तो दुसऱ्या गरजू घराला द्यायचा. शेवटचा वाफा शिवणकाम करणाऱ्या ताईंचा. घरी अंथरुणाला खिळलेले सासरे आणि दोन मुली. त्या वाफ्यातल्या पालक-घेवड्यावर चौघांच्या ताटात काहीतरी हिरवे पडे. मी कुठे फुटलो की ताईच रबराची पट्टी आवळून मला बरे करीत. "अजून खूप वर्षं काढायचीत रे आपल्याला," असे म्हणत. मला फार बरे वाटे.

मग नळाचे पाणी कमी झाले. एका सकाळी काका सुरी घेऊन आले.

"लांब पाईपला जोर राहत नाही," ते सगळ्यांसमोर म्हणाले. "अर्धा करू या."

"काका, मग माझ्या वाफ्याचं काय?" ताईंनी विचारले.

"अगं, तरुण आहेस. दोन बादल्या नेल्यास तर काय बिघडलं?"

बाकीचे आपापल्या टोमॅटोंकडे बघत राहिले. काकांनी मला पायाखाली दाबले आणि मधोमध कापले. ज्या हातांनी आणले, त्याच हातांनी. त्या क्षणापर्यंत मला वाटत होते, ते थांबतील.

ताईंनी बादल्या वाहिल्या. पण शिवणाच्या मशीनवरून उठून त्या येईपर्यंत नळ कोरडा पडलेला असे. घेवड्याने मान टाकली आणि काकांना दुसरा नियम आठवला.

"वाईट मलाही वाटतं. पण नियम म्हणजे नियम."

"नियम मलाही पाठ आहे, काका," ताई म्हणाल्या. "तो केला तेव्हा पाईप पोचत होता."

वाफा काकांच्या जावयाला मिळाला. गरजू घर म्हणे! जावईबापू पालक तोडायला मोटारीतून येतात.

आठवडा उलटायच्या आत काकांनी नवा पाईप आणला. चांगला लांबलचक. आता मात्र पाण्याला जोर नाही, अशी तक्रार कुणी केली नाही. त्याच सकाळी ताई बसकडे निघाल्या होत्या, हातात पिशवी. कुंपणाबाहेर थांबून त्यांनी पाहिले. शेवटच्या वाफ्यात भरभरून पाणी पडत होते.

"पोचलं म्हणायचं," एवढेच बोलून त्या गेल्या.

मित्रांनो, मला फेकले याचे दुःख नाही. वस्तू जुनी होतेच. मला कापून ताईंना हाकलले, हे मात्र मी विसरणार नाही. उद्या तुमच्याही हातात सुरी येईल. तेव्हा आधी माझ्या टोकापर्यंत चालत जा, तिथे कोण उभे आहे ते डोळ्यांनी बघा, आणि मग तुमच्याने कापवले, तर खुशाल कापा.